डाग खरे आहेत का?

कपडा जितका मळका, जितका रफू केलेला, तितका महाग. विचित्र वाटतं ना? आपल्या घरी असला कपडा आईने केव्हाच फरशी पुसायला काढला असता. पण अमेरिकेत एक अख्खी जमात आहे, जी कॉलेजच्या पोराने मॅचमध्ये घालून घामाने चिंब केलेल्या जर्सीसाठी शेकड्याने डॉलर मोजते, आणि पोरगा स्टार असेल तर हजारांनी. त्यातून ती धुतलेली नसेल तर अजूनच खूश!

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबुळका बॉल, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर उशीएवढी पॅड्स आणि समोरच्याला आडवं पाडायचं, तो. आणि विषय प्रोफेशनल लीगचा नाही, कॉलेजच्या टीमचा आहे. आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला कोण येतं? खेळणाऱ्यांचे मित्र आणि कट्ट्यावरचे रिकामटेकडे. तिकडे कोलंबस शहरात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची कपॅसिटी आहे १,०२,७८०. म्हणजे वानखेडेसारखी तीन स्टेडियम. एवढे लोक जीव टाकतात म्हटल्यावर त्या पोरांच्या अंगावरच्या कपड्याला भाव येणारच. आणि भाव आला की पाठोपाठ डुप्लिकेट आलंच. हा नियम फॅशन स्ट्रीटपासून ओहायोपर्यंत सगळीकडे सारखाच.

माझा मावसभाऊ याच युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. गेल्या महिन्यात त्याने मला सहा फोटो पाठवले. लाल जर्सी, पांढरा नंबर, पाठीवर नाव, पोटावर मस्त चिखल-गवताचे डाग. ‘ताई, गेम-वॉर्न आहे. २०१० च्या सीझनमधल्या लाइनमनची. ४५० डॉलर म्हणतोय, घेऊ का?’ मी सध्या या विषयात डोकं घालून बसलेय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे. ४५० डॉलर म्हणजे या पोराचा महिन्याभराचा किराणा आणि वर बसभाडं. मी म्हटलं, थांब. पैसे देऊ नकोस. आधी शब्द नीट समजून घे.

कारण खरा लोच्या शब्दांतच आहे. जर्सीचे मुळात तीन प्रकार. पहिली रिटेल, म्हणजे दुकानात तुम्हा-आम्हाला मिळणारी. दुसरी टीम-इश्यूड, म्हणजे टीमसाठी बनवलेली, खेळाडूच्या मापाची, पण मैदानावर कधी उतरलीच नाही अशी. एका टीममध्ये शंभराच्या वर पोरं असतात, त्यातली कितीतरी अख्खा सीझन बाकावर बसून काढतात. त्यांच्या जर्सीही तितक्याच ओरिजिनल, फक्त कोऱ्या. आणि तिसरी गेम-वॉर्न. ही खरोखर मॅचमध्ये घातलेली. दुसरीला तिसरी म्हणून विकणं हा या धंद्यातला सगळ्यात सभ्य दिसणारा खोटेपणा, कारण कापड, शिलाई, टॅग सगळं खरंच असतं.

आणि आता कमाल ऐका. नाइकी कंपनी दुकानात ज्या जर्सी विकते त्यांच्या तीन पायऱ्या असतात: गेम, लिमिटेड आणि एलिट. यातली सगळ्यात स्वस्त कुठली? ‘गेम’! नंबर छापलेला, कट ढगळ, आणि नाव मात्र ‘गेम जर्सी’. त्यामुळे कोणी ‘ऑथेंटिक गेम जर्सी’ म्हणून जाहिरात टाकली, तर तो बिचारा अक्षरशः खरंही बोलत असेल. आपण त्यात ‘वॉर्न’ हा शब्द मनातल्या मनात वाचतो, तो आपला प्रॉब्लेम.

कॉलेजच्या जर्सीची आणखी एक भानगड आहे, जी प्रोफेशनल लीगच्या जर्सीला नाही. ती म्हणजे पाठीवरचं नाव. कॉलेजचा खेळ चालवणारी संस्था एनसीएए. तिचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच होतं: ही पोरं विद्यार्थी आहेत, हौशी आहेत, त्यांच्या नावावर कोणी पैसे कमवायचे नाहीत. त्यांनी स्वतः तर नाहीच नाही. म्हणून दुकानातल्या कॉलेज जर्सीवर खेळाडूचं नाव नसायचं. फक्त नंबर. पण नंबर कुठला? टीमच्या स्टारचा, अर्थात! ऑगस्ट २०१३ मध्ये ईएसपीएनचा समालोचक जे बिलास याने एनसीएएच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात टेक्सस ए अँड एमच्या क्वार्टरबॅकचं आडनाव, ‘मॅन्झील’, सर्चमध्ये टाकलं. समोर आली त्याच कॉलेजची दोन नंबरची जर्सी. जर्सीवर नाव नाही, पण दुकानाला नाव पाठ! बिलासने एकामागून एक नावं टाकून हे जगाला दाखवलं आणि दोन दिवसांत एनसीएएने कॉलेजांच्या जर्सी आपल्या दुकानातून विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

हा इतिहास मी उगाच सांगत नाहीये. १ जुलै २०२१ ला नियम बदलले आणि खेळाडूंना आपलं नाव, आपली छबी विकायची मुभा मिळाली. तेव्हापासून दुकानात नावाच्या जर्सी रीतसर यायला लागल्या. म्हणजे २०२१ च्या आधीची, पाठीवर नाव असलेली कॉलेज जर्सी समोर आली, तर साधारण तीनच शक्यता उरतात. एक तर ती टीमची आहे, नाहीतर साफ बनावट आहे, नाहीतर दुकानातली बिननावाची जर्सी घेऊन कोणीतरी तिच्यावर नंतर नाव शिवून घेतलंय. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून बघायची पहिली जागा म्हणजे नावाची पट्टी. टीमच्या जर्सीवर ती पट्टी बाकीच्या कापडाबरोबरच जुनी होते. तेवढ्याच धुलाया, तेवढंच ऊन, तेवढाच घाम. जर्सी उडालेल्या रंगाची आणि पट्टी मात्र परवाच दुकानातून आल्यासारखी टवटवीत, असं दिसलं तर समजून जा. उलटंही होतं बरं का. बऱ्याच कॉलेजांत तीच जर्सी पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला दिली जायची. तेव्हा जुन्या पट्टीची भोकं आणि तिच्याखालचा न उडालेला रंग मागे राहतो. नवख्या माणसाला ते बघून वाटतं, काहीतरी घोळ आहे. खरं तर तो चांगला पुरावा असू शकतो.

आता नावाचा सगळ्यात सोपा मुद्दा, जो शंभरातले नव्वद लोक विसरतात. काही कॉलेजांत पाठीवर नाव लावतच नाहीत! सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे यूएससी हे त्यातलं ठळक. पेन स्टेटचीही तीच परंपरा. फक्त २०१२ ते २०१४ या तीन सीझनमध्ये त्यांनी नावं लावली आणि २०१५ मध्ये परत काढून टाकली. त्यामुळे पेन स्टेटची २००८ ची ‘गेम-वॉर्न’ जर्सी आणि तिच्यावर नाव, असा माल कोणी दाखवला, तर पुढे शिलाई-बिलाई तपासायचे कष्टसुद्धा घेऊ नका. सरळ चालू पडा.

कंपनीच्या लोगोचंही तसंच. मिशिगनची टीम २००७ ते २०१५ चे सीझन आदिदासमध्ये खेळली आणि २०१६ मध्ये पुन्हा नाइकीकडे गेली. नोत्र दाम २०१४ मध्ये आदिदास सोडून अंडर आर्मरकडे गेली. जॉर्जिया टेक २०१८ मध्ये रसेल अ‍ॅथलेटिककडून आदिदासकडे. म्हणजे २०१२ ची मिशिगन जर्सी आणि छातीवर नाइकीचा तो बाकदार लोगो, हे जमत नाही. नंबर शून्य? तो २०२० च्या सीझनपासून चालतो. त्यामुळे २०१५ ची झिरो नंबरची जर्सी कोणी दिली तर कपाटात ठेवायला छान आहे, पण मैदानावर गेलेली नाही. ही सगळी माहिती पाच मिनिटांत तपासता येते. बनवणाऱ्याने ती पाच मिनिटं घालवलेली नसतात, कारण त्याला ठाऊक असतं की घेणाराही घालवणार नाही.

नंबरवरून खेळाडू ठरवतानाही सांभाळून. कॉलेजमध्ये एकाच टीममधल्या दोघांना एकच नंबर देता येतो, एकाच वेळी मैदानावर उतरायचं नाही एवढीच अट. एक आक्रमणात, दुसरा बचावात. स्टारचा नंबर वीस आणि त्याच वर्षी कुठल्यातरी राखीव पोराचाही वीस, असं सर्रास असतं. जर्सी बिननावाची असेल तर विकणारा ती कोणाची म्हणून सांगेल, हे तुम्हीच ओळखा.

आता माझ्या भावाच्या जर्सीकडे येऊ. फोटोवरून काय दिसतं?

मी त्याला आधी कट बघायला सांगितला. मैदानावरची जर्सी खांद्याच्या पॅड्सवरून ताणून बसवायची असते, त्यामुळे ती खांद्याला रुंद आणि कमरेला निमुळती. बाह्या आखूड, टोकाला इलॅस्टिक. लाइनमनच्या तर जवळजवळ नसल्यासारख्याच, कारण समोरच्याला पकडायला कापड सापडता कामा नये. बाजूच्या पट्ट्या ताणल्या जाणाऱ्या. दुकानातली जर्सी मात्र पोट सुटलेल्या फॅनने सोफ्यावर बसून घालायची असते. ढगळ, सरळ, कोपरापर्यंत बाह्या. खरी जर्सी पॅड्सशिवाय अंगात घातली तर विचित्र दिसते. कमरेला घट्ट आणि खांद्यावरून ओघळणारी. ती माणसाला शोभायला शिवलेलीच नसते.

मग टॅग. रिटेलच्या टॅगवर स्मॉल, मीडियम, लार्ज. टीमच्या टॅगवर बहुतेक वेळा ४४, ४६, ४८ असे आकडे, कधी शेजारी जास्तीच्या लांबीची खूण. पण यावर आंधळा विश्वास नको, कारण महागड्या रिटेल जर्सीवरही आकडेच असतात. परवाना घेऊन बनवलेल्या मालाची लेबलं, किंमत स्कॅन करायच्या पट्ट्या हा दुकानाचा संसार. टीमच्या जर्सीला त्याची गरज नसते, ती विकायला बनवलेलीच नसते.

आणि शिलाई. इथे एक गैरसमज फोडायलाच हवा. सगळे सांगतात, ‘नंबर शिवलेला असेल तर ओरिजिनल, छापलेला असेल तर डुप्लिकेट.’ चूक! १९८०-९० च्या दशकांत कितीतरी कॉलेजं मैदानावरसुद्धा छापील नंबरच्या जर्सी घालत होती. आजही हलकं वजन हवं म्हणून नंबर शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवतात. उलट दुकानातल्या लिमिटेड जर्सीचे नंबर झकास शिवलेले असतात. शिवलेला की छापलेला हा प्रश्नच अर्धवट आहे. त्या कॉलेजने त्या वर्षी मैदानावर काय वापरलं, हा प्रश्न पूर्ण. नंबरच्या उंचीलाही नियम आहे. पुढचा किमान ८ इंच, मागचा किमान १० इंच. कंपनीचा लोगो सव्वादोन चौरस इंचांपेक्षा मोठा चालत नाही. पट्टी घ्या आणि मोजा.

त्यानंतर जर्सी उलटी करा. आपल्याकडे जाणकार बायका पैठणीचा पदर उलटा करून बघतात ना, डिट्टो तसं. खऱ्या गोष्टी आतून कळतात. टीमच्या लाँड्रीत महिनोन्महिने धुतलेल्या जर्सीत शिवलेल्या नंबरच्या कडा सुरकुततात, दोऱ्याची टोकं निघतात, आतून मार्करने लिहिलेला नंबर पुसट झालेला असतो. फाटलेल्या जागी टीमच्या माणसाने घाईघाईत शिवलेलं असतं, जो दोरा हाताशी आला त्याने. हे रफूकाम देखणं नसतं, आणि ते देखणं नसणंच त्याचं खरेपण. पुढची मॅच शनिवारी आहे, कोण कशाला नक्षी काढत बसतोय!

भावाच्या जर्सीचा कट बरा होता. टॅगवर ५२. म्हणजे महागड्या रिटेलपासून टीम-इश्यूडपर्यंत काहीही असू शकेल. नावाची पट्टी जरा जास्तच पांढरीशुभ्र. पण तेवढ्यावरून नाही म्हणता येईना. विकणाऱ्याचा सगळा भर त्या डागांवर होता. फोटोंतले चार तर फक्त डागांचेच.

म्हणून थोडं डागांविषयी. मॅचमध्ये जर्सीवर काय काय चढतं? समोरच्याच्या हेल्मेटचा रंग घासून उमटतो, बहुतेक खांद्यावर, छातीवर, नंबरच्या कडांवर. मैदानावर आखलेल्या रेषांचा रंग लागतो. कृत्रिम टर्फवर घसरलं की कापड भाजल्यासारखं चकाकतं, धागे वितळल्यागत होतात. लाइनमन पोरं तर जर्सी पॅड्सला डबल साइडेड टेपने चिकटवायची, पकडायला चिमूटभरही सैल कापड मिळू नये म्हणून. त्या टेपचा चिकटा आत खांद्यापाशी राहतो. हा चिकटा बनवणाऱ्यांना फारसा सुचत नाही, कारण फोटोत तो उठून दिसत नाही. त्यांची अक्कल सँडपेपर, ब्लीच आणि गाडीच्या रस्त्यावर जर्सी फरफटवणं इथपर्यंत. मग घासल्याच्या खुणा पोटाच्या मधोमध, पाठीच्या खाली, जिथे टक्कर क्वचितच होते तिथे. आणि सगळीकडे सारख्या. मार सारखा लागत नाही हो कधी!

खुणांचे रंगही बोलतात. मिशिगनविरुद्ध घातलेली जर्सी असेल, तर मिशिगनचं हेल्मेट निळं-पिवळं. मग तिच्यावर हिरवा ओरखडा कुठून आला, हे विचारायचं.

पण खूप डाग म्हणजे खरी, आणि डाग नाहीत म्हणजे खोटी, असंही नाही. हल्लीचं कापड इतकं घट्ट आणि टणक असतं की अख्खी मॅच खेळूनही जर्सीवर फार काही दिसत नाही. आणि फाटलेली जर्सी म्हणाल तर एके काळी ती फाटण्यासाठीच शिवलेली असायची! ‘टेअर-अवे’ म्हणत. बचावातल्याने पकडलं की कापडाचा तुकडा त्याच्या हातात आणि पळणारा पसार. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमाचा ग्रेग प्रुइट त्यासाठी प्रसिद्ध होता. प्रोफेशनल लीगने १९७९ मध्ये आणि कॉलेजने १९८२ मध्ये त्यावर बंदी घातली. एकेका मॅचमध्ये अशा किती जर्सी फाटत असतील, कल्पना करा. रवींद्र नाट्यमंदिरात शिट्ट्या पडाव्यात असा प्रकार!

तर, चिखल-गवताचे डाग. मी भावाला विचारलं, विकणारा कुठली मॅच म्हणतोय? उत्तर आलं: ‘२०१० ची होम मॅच. घरच्या मैदानावरच घालायचा म्हणे ही जर्सी.’ म्हटलं, वेड्या, तू त्याच युनिव्हर्सिटीत शिकतोस ना? ओहायो स्टेडियममध्ये १९९० ते २००६ नैसर्गिक गवत होतं. २००७ पासून तिथे कृत्रिम टर्फ आहे. २०१० च्या होम मॅचमध्ये चिखल आणि गवताचा हिरवा रस येणार कुठून? बाल्कनीतल्या कुंडीतून?

चार मिनिटं शांतता. मग त्याचा मेसेज: ‘ताई, जाम वाईट वाटतंय.’ मलाही वाटलं. जर्सी खरोखरच टीमसाठी शिवलेली असेलही, पण मग तिची किंमत ४५० नव्हती. आणि डाग कोणीतरी हाताने लावले असतील, तर त्या माणसाकडून रुमालसुद्धा घेऊ नये.

हे सगळं झालं वरवरचं तपासणं. गंभीर लोक यावर थांबत नाहीत. ते फोटो-मॅचिंग करतात. म्हणजे त्या मॅचचे गेटी, एपी अशा एजन्सींचे मोठ्या रेझोल्यूशनचे फोटो काढायचे आणि जर्सी शेजारी ठेवून खूण न् खूण जुळवायची. जाळीच्या कापडाच्या जर्सीला हे फारच छान लागू पडतं. कापडाला बारीक भोकं असतात आणि नंबर त्यावर माणूस बसवतो. नंबरची कड कुठल्या भोकाला अर्धं कापते आणि कुठल्याला पूर्ण झाकते, हे प्रत्येक जर्सीत वेगळं. दोन जर्सी एकाच दिवशी एकाच टेबलावर बनल्या तरी वेगळं. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच. पट्ट्यांची शिवण कुठे जुळली, कुठे दोन मिलिमीटर हुकली, तेही तसंच. डाग नकली लावता येतो, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या भोकांशी नंबरची कड जुळवून आणणं जवळजवळ अशक्य. फोटो-मॅच असेल तर किंमत कित्येक पट होते, आणि ते मला पटतं. या अख्ख्या बाजारात डोळे झाकून पैसे द्यावेत अशी ही एकच गोष्ट आहे, आणि तीही डोळे उघडे ठेवूनच करावी लागते!

कागदाचं, सर्टिफिकेटचं काय? मला विचाराल तर ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ हा प्रिंटरवर छापलेला कागद असतो. देणारा कोण, यावर सगळं अवलंबून. आणि देणारा मोठा असला तरी घोळ संपत नाही. प्रोफेशनल लीगमधलं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग आणि त्याची टीम यांच्यावर २०१४ मध्ये कोर्टात दावा झाला, की वापरलेली म्हणून दिलेली हेल्मेट्स खरी वापरलेली नव्हती. २०१० चा एक ई-मेल त्यात गाजला. मॅनिंगने आरोप साफ नाकारले आणि २०१८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. कोर्टात कोण बरोबर ते ठरलंच नाही. पण तेव्हापासून ‘थेट टीमकडून’ हे शब्द ऐकून कलेक्टर पूर्वीसारखे सुखावत नाहीत.

उरला शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा. ही जर्सी युनिव्हर्सिटीच्या खोलीतून बाहेर आली कशी? कारण कॉलेजची जर्सी खेळाडूची नसते, युनिव्हर्सिटीची असते. सरळ रस्ते मोजकेच. युनिव्हर्सिटी जुन्या सामानाचा सेल लावते किंवा लिलाव करते, किंवा शिक्षण संपवून जाणाऱ्या पोराला आठवण म्हणून देते. विकणारा म्हणाला, ‘खेळाडूनेच मला विकली, तेव्हा तो टीममध्येच होता,’ आणि जर्सी २०२१ च्या आधीची असेल, तर एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याने एका पोराचं करिअर धोक्यात घातलं होतं.

हे मी वाढवून सांगत नाही. डिसेंबर २०१० मध्ये याच ओहायो स्टेटच्या टेरेल प्रायरसह पाच खेळाडूंवर पाच मॅचची बंदी आली. मिळालेल्या अंगठ्या, जर्सी, बक्षिसं विकून त्यांनी पैसे आणि टॅटू घेतले होते. विकलेल्या वस्तूंत ‘गोल्ड पँट्स’ही होत्या, म्हणजे मिशिगनला हरवल्यावर खेळाडूंना मिळणारा चिमुकला सोन्याचा लॉकेटवजा दागिना. प्रकरण इतकं पेटलं की मे २०११ मध्ये कोच जिम ट्रेसेलना राजीनामा द्यावा लागला, आणि टीमचे २०१० चे विजय रेकॉर्डमधून पुसले गेले. २०१४ मध्ये जॉर्जियाच्या टॉड गर्लीवर सह्या आणि वस्तूंचे तीन हजारांवर डॉलर घेतल्याबद्दल चार मॅचची बंदी आली.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती त्याच जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनची गोष्ट. डिसेंबर २००९ च्या इंडिपेन्डन्स बोलमध्ये घातलेली आपली जर्सी त्याने एक हजार डॉलरना विकली. पोरगा कॉलेजात होता, पैसे हवे होते, विकली. घेणारा माणूस एनसीएएच्या व्याख्येत एजंट ठरला आणि २०१० च्या सीझनच्या पहिल्या चार मॅच ग्रीन घरी बसला. त्या चार आठवड्यांत युनिव्हर्सिटीच्या दुकानात त्याच्याच आठ नंबरच्या रिटेल जर्सी विकायला होत्या, सुमारे चाळीस डॉलरपासून पुढे. त्यांच्यावर नाव नव्हतं. त्यातला एक डॉलरही त्याचा नव्हता.

आता चित्र बदललंय. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर तर युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पोरांना त्यांचा वाटा मिळतोय, झकास झालं. बनवणाऱ्यांचंही काम मात्र सोपं झालंय. पूर्वी त्यांना नावाची पट्टी स्वतः शिवून घ्यावी लागायची, फॉन्ट चुकायचा, दोरा चुकायचा. आता दुकानातच बरोबर फॉन्टमधली नावाची जर्सी मिळते. आणायची, दहा वेळा धुवायची, अंगणात दोनदा फरफटवायची. त्यामुळे २०२१ नंतरच्या जर्सीला पट्टीची परीक्षा लावण्यात फार अर्थ नाही. तिथे कट, आतली बाजू आणि फोटो-मॅच एवढंच कामाचं. युनिव्हर्सिटीने स्वतः विकलेली असेल तर होलोग्रामचा स्टिकर आणि त्यावरचा क्रमांक. तो क्रमांक विकणाऱ्याच्या साइटवर तपासू नका, युनिव्हर्सिटीकडे तपासा. स्टिकर सोलून दुसऱ्या जर्सीवर लावलाय का, हेही नखाने जरा चाचपून बघा.